लॅपटॉपवर चालतं, जिनिंगच्या काट्यावर क्रॅश होतं: कॉलिंग कन्व्हेन्शनचा दर सीझनचा घोळ

दसरा झाला, कापसाच्या गाड्या जिनिंगला लागायला लागल्या की हा प्रॉब्लेम परत कोणीतरी घेऊन येतं, म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून टाकतो. तक्रार दरवेळी तीच असते. वजनकाट्याच्या इंडिकेटरसोबत मिळालेली डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रामने वापरायची तयार फंक्शनांची फाइल), तिच्यावर रस्ट या भाषेत लिहिलेला आपला प्रोग्राम, जळगावला ऑफिसात लॅपटॉपवर एकदम मक्खन चालतो, आणि तोच चोपड्याला नाहीतर धरणगावला काट्याच्या केबिनमधल्या जुन्या ३२ बिट पीसीवर टाकला की वजन येतं, अगदी बरोबर येतं, आणि मग क्रॅश. वजन बरोबर येतं याच्यामुळेच माणूस भलतीकडे शोधत बसतो, केबल बदलतो, कॉम पोर्ट बदलतो, बॉड रेट खालीवर करतो, अँटिव्हायरस काढून टाकतो आणि शेवटी मालकाला सांगतो, शेठ पीसीच नवा घ्या. अरे भो, पीसीचा काय दोष त्याच्यात.

डेटा बरोबर येऊन नंतर क्रॅश होत असेल, आणि ते पण फक्त ३२ बिट विंडोजच्या बिल्डमध्ये, तर सगळ्यात आधी एक्स्टर्न ब्लॉकवर (बाहेरची फंक्शनं जिथे जाहीर करता तिथे) काय लिहिलंय ते बघा. कॉलिंग कन्व्हेन्शन, म्हणजे फंक्शनला आर्ग्युमेंट कशी द्यायची आणि नंतर आवरायचं कोणी याचा करार, तिथेच ठरतो. दहातले बहुतेक जण तिथे नुसतं एक्स्टर्न लिहितात, रस्टमध्ये त्याचा अर्थ एक्स्टर्न सी होतो, आणि ३२ बिट विंडोजवर सी म्हणजे सीडेकल. डीएलएल मात्र बऱ्याचदा एसटीडीकॉल या दुसऱ्या कन्व्हेन्शनची असते.

दोघांमध्ये फरक एवढाच की आर्ग्युमेंट दोन्हीकडे उजवीकडून डावीकडे स्टॅकवर (फंक्शन कॉलसाठीची तात्पुरती मेमरी) जातात, उत्तर दोन्हीकडे ईएएक्स या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यात, येतं (म्हणून वजन बरोबर दिसतं), पण काम झाल्यावर स्टॅक कोण रिकामा करणार हे वेगळं. भरीत पार्टी झाल्यावर पत्रावळी जेवणाऱ्याने उचलायच्या की वाढणाऱ्याने, असला तो प्रश्न आहे. सीडेकलमध्ये कॉल करणारा उचलतो, एसटीडीकॉलमध्ये फंक्शन स्वतः उचलून जातं. दोघांनी उचललं तर शेजारच्याची भरलेली पत्रावळ पण गेली, कोणीच नाही उचललं तर ढीग.

आता हे दोन्ही प्रकार वेगवेगळे दिसतात, आणि लक्षणावरून ओळखता येतं. डीएलएल एसटीडीकॉल आणि तुम्ही लिहिलं सी: दोन आर्ग्युमेंटचं फंक्शन असेल तर ८ बाइट दोनदा काढले जातात, ईएसपी (स्टॅकचं टोक दाखवणारं रजिस्टर) दर कॉलला ८ ने वर सरकतो, तुमचीच लोकल व्हेरिएबल आणि रिटर्न ॲड्रेस पुढच्या कशाने तरी पुसले जातात आणि बऱ्यापैकी लवकर क्रॅश होतं. कुठे होईल ते मात्र सांगता येत नाही, कधी त्याच फंक्शनातून बाहेर पडताना, कधी पावती छापताना, म्हणून लोक प्रिंटरला शिव्या देतात.

उलटा प्रकार जास्त बेकार. डीएलएल सीडेकल आणि तुम्ही लिहिलं एसटीडीकॉल (किंवा सिस्टीम, त्याच्यावर पुढे येतो). मग कोणीच स्टॅक रिकामा करत नाही, दर कॉलला ८ बाइट आत जातात. वजन वाचायचा लूप त्याच फंक्शनात फिरत असेल आणि लोकल व्हेरिएबल ईबीपीवरून (स्टॅकवरच्या फंक्शनच्या जागेचा पाया धरून ठेवणारं रजिस्टर) वाचली जात असतील, तर तुम्हाला काहीच कळत नाही. विंडोजवर मेन थ्रेडचा स्टॅक डिफॉल्ट १ एमबी असतो, ८ बाइटने भागा, १,३१,०७२ कॉल. सेकंदाला १० रीडिंग घेत असाल तर साधारण ३ तास ३८ मिनिटं. म्हणजे सकाळी ९ ला काटा चालू केला की दुपारी साडेबाराच्या आसपास स्टॅक ओव्हरफ्लो, रीस्टार्ट केलं की परत ठीक, आणि पोराला वाटतं दुपारी लाइट कमीजास्त होते म्हणून बंद पडतं. रोज साधारण तेवढेच तास चालून मरणारा प्रोग्राम दिसला की स्टॅकचा हिशोब करून बघा, बॅटरी-यूपीएस नंतर.

डीबगमध्ये होत नाही, रिलीजमध्येच होतं, असं पण ऐकायला मिळतं. कारण साधं आहे, काही कोडमध्ये फंक्शन संपताना ईएसपी परत ईबीपीवरून बसवला जातो, तेव्हा मधला घोटाळा आपोआप झाकला जातो. रिलीजमध्ये फ्रेम पॉइंटर (तोच ईबीपी) उडाला, छोटं रॅपर फंक्शन इनलाइन झालं, म्हणजे कॉल करणाऱ्यातच मिसळलं, की झाकण निघालं. व्हिज्युअल सी प्लस प्लसचा डीबग बिल्ड निदान ओरडतो, ईएसपीची व्हॅल्यू कॉलच्या आधी आणि नंतर जुळत नाही असा डबा येतो. रस्टमध्ये असा चेक नाही. तुम्ही जे लिहिलं ते खरं मानून कंपायलर पुढे जातो, म्हणून तर तो ब्लॉक अनसेफ आहे.

मग लॅपटॉपवर कसं काय चालतं?

कारण लॅपटॉपवर तुम्ही ६४ बिटची डीएलएल लावलेली असते. ६४ बिट विंडोजवर सीडेकल आणि एसटीडीकॉल हा फरकच उरलेला नाही, एकच कन्व्हेन्शन: पहिली चार आर्ग्युमेंट आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९ मध्ये, कॉल करणाऱ्याने ३२ बाइट शॅडो स्पेस (फंक्शनसाठी स्टॅकवर राखीव जागा) सोडायची, स्टॅक पण त्यानेच आवरायचा. तिथे काहीही शब्द लिहा, फरक पडत नाही, त्यामुळे चुकीचा शब्द वर्षानुवर्षं कोडमध्ये गुपचूप बसून राहतो. आणि काट्यावर ३२ बिटच का, तर तिथली डीएलएल ३२ बिटची आहे, ती ६४ बिट प्रोसेसमध्ये लोडच होत नाही, एरर १९३ येते.

यावर डॉक्युमेंटमध्ये लोक काय लिहितात? "हे फंक्शन सी कॉलिंग कन्व्हेन्शन वापरतं." झालं. हे वाक्य असून नसल्यासारखं आहे. सी हे एक कन्व्हेन्शन नाहीच, ज्या प्लॅटफॉर्मवर बिल्ड करताय त्या प्लॅटफॉर्मचा सी कंपायलर जे करतो ते. ३२ बिट विंडोजवर सगळं स्टॅकवर. ६४ बिट विंडोजवर वरचे चार रजिस्टर. ६४ बिट लिनक्सवर सहा, आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९. ६४ बिट आर्मवर आठ, एक्स० ते एक्स७. एकच ओळ, चार अर्थ.

डीएलएलचं खरं कन्व्हेन्शन शोधायचं कसं

हेडर फाइल बघा, पण तिच्यावर विसंबू नका. विनएपीआय, कॉलबॅक, एपीआयएंट्री, पास्कल हे सगळे मॅक्रो आजच्या विंडोजवर एसटीडीकॉलच आहेत. काहीच शब्द नसेल तर सीडेकल समजायचं, असं पुस्तकात असतं, पण व्हिज्युअल सीच्या प्रोजेक्टमध्ये जीझेड हा स्विच लावला असेल तर शब्द नसलेली सगळी फंक्शनं एसटीडीकॉल होतात, जीआर लावला तर फास्टकॉल (काही आर्ग्युमेंट रजिस्टरमधून देणारं कन्व्हेन्शन). हेडर तुमच्याकडे आलं, प्रोजेक्ट सेटिंग तिकडेच राहिली.

मग एक्स्पोर्ट झालेलं नाव बघा. डंपबिनला (व्हिज्युअल स्टुडिओसोबत येणारं, डीएलएलच्या आत बघायचं टूल) एक्स्पोर्ट्सचा ऑप्शन देऊन यादी काढा. पुढे अंडरस्कोर आणि शेवटी ॲट ८ असं शेपूट असेल तर एसटीडीकॉल, ८ म्हणजे आर्ग्युमेंटचे एकूण बाइट. पुढे पण ॲट आणि मागे पण ॲट ८ असेल तर फास्टकॉल. लिंकर जेव्हा अनरिझॉल्व्हड सिंबॉल म्हणून रडतो तेव्हा तो हेच शेपूट दाखवत असतो, त्याच्यावर खरं तर खूश व्हायला पाहिजे, फुकटात उत्तर मिळालं. पण डेफ फाइल (एक्स्पोर्टच्या नावांची यादी) वापरून साधी नावं एक्स्पोर्ट केली असतील तर शेपूट गायब, विंडोजच्या स्वतःच्या डीएलएलमध्ये पण नावं साधीच आहेत आणि फंक्शनं एसटीडीकॉल. आणि गेटप्रॉकॲड्रेसने (विंडोजचं फंक्शन) किंवा लिबलोडिंगने (रस्टची लायब्ररी) रनटाइमला ॲड्रेस घेत असाल तर लिंकर मध्ये येतच नाही, तुम्ही जो टाइप लिहाल तोच खरा.

नावावरून नाही कळलं तर फंक्शनचा शेवट बघायचा, आणि हा पुरावा खोटं बोलत नाही. डंपबिनचा डिसॲसम किंवा ऑब्जडंप लावा आणि रिटर्नची सूचना शोधा. नुसतं रेट, बाइट सी३, म्हणजे बहुतेक सीडेकल (सगळी आर्ग्युमेंट रजिस्टरमधून घेणारं फास्टकॉल पण असंच दिसतं). रेट ८, बाइट सी२ ०८ ००, म्हणजे फंक्शन स्वतः ८ बाइट काढतंय. दोन गोष्टी सांभाळा. एक, एक्स्पोर्टच्या जागी नुसता जंप असू शकतो, मग त्याच्या मागे जा. दोन, एकही आर्ग्युमेंट नसलेल्या फंक्शनवर निर्णय करू नका, तिथे काढायला काहीच नाही म्हणून दोन्ही कन्व्हेन्शन सारखीच दिसतात. "ओपन" चाललं म्हणून "वजन वाचा" पण चालेल, हा समज इथूनच येतो. आणि रेट ८ दिसलं तरी रजिस्टर बघितल्याशिवाय एसटीडीकॉलचा शिक्का मारू नका, फास्टकॉल पण स्वतःच काढतं, फक्त त्याची पहिली दोन आर्ग्युमेंट ईसीएक्स आणि ईडीएक्समध्ये असतात.

आपल्याकडच्या काट्यांच्या डीएलएलमध्ये एक अंदाज बऱ्याचदा बरोबर निघतो: सोबतच्या सीडीवर व्हीबी सिक्सचा सँपल असेल तर एसटीडीकॉलच, कारण व्हीबी सिक्सला डिक्लेअरमध्ये दुसरं चालतच नाही, रनटाइम एरर ४९ येते. त्याच सँपलमधून टाइप उचलताना मात्र जपून. व्हीबी सिक्सचा इंटिजर १६ बिटचा आणि लाँग ३२ बिटचा. बायरेफ इंटिजर असेल आणि तुम्ही ३२ बिटचा पॉइंटर दिला तर डीएलएल खालचे दोनच बाइट लिहिते, वरचे दोन तुमच्याकडे आधी जे होतं तेच राहतात. शून्याने सुरुवात केली असेल तर चालून जातं, नाहीतर अर्ध्या टनाची बैलगाडी आणि वजन कोटीत.

डेल्फीत लिहिलेली डीएलएल असेल तर वेगळीच गंमत. डेल्फीचं डिफॉल्ट कन्व्हेन्शन रजिस्टर, पहिली तीन आर्ग्युमेंट ईएएक्स, ईडीएक्स, ईसीएक्समध्ये. लिहिणारा एसटीडीकॉल टाकायला विसरला असेल तर पहिल्याच कॉलला कचरा येतो. रस्टचं फास्टकॉल लावून बघू नका, ते मायक्रोसॉफ्टचं, ईसीएक्स आणि ईडीएक्सवालं. डेल्फीतच एक छोटी मधली डीएलएल करून घ्या आणि तिथे एसटीडीकॉल लिहा, दुसरा सरळ रस्ता नाही.

सिस्टीम हा शब्द जपून

रस्टमध्ये एक्स्टर्न सिस्टीम म्हणजे ३२ बिट विंडोजवर एसटीडीकॉल आणि बाकी सगळीकडे सी. विंडोजच्या एपीआयसाठी, जेएनआयसाठी (जावाशी जोडणी), वल्कनसाठी (ग्राफिक्सचं एपीआय) तो एकदम बरोबर. पण "सेफ राहावं म्हणून सगळीकडे सिस्टीम" असं करणारे भाऊ आहेत, आणि ज्या लायब्ररीने सगळीकडे सीडेकल ठेवलंय ती मग ३२ बिटवर वरच्या साडेतीन तासाच्या रोगाने मरते. लायब्ररीच्या लेखकाने काय ठरवलंय ते लिहायचं, आपल्याला सोयीचं काय ते नाही.

कॉलबॅकला पण तेच. फंक्शनचं कन्व्हेन्शन बरोबर लिहिलं आणि त्याला दिलेल्या कॉलबॅकचं विसरलं, हे तर फारच कॉमन. फंक्शन पॉइंटरचा टाइप नीट लिहिला असेल तर रस्ट तुम्हाला चुकीचं कन्व्हेन्शन पास करूच देत नाही, पण लोक व्हॉइड पॉइंटरवर कास्ट करतात आणि तो एकुलता एक पहारेकरी घरी पाठवून देतात.

इतर प्लॅटफॉर्मवरची भावंडं, थोडक्यात

सी चा लाँग: ६४ बिट विंडोजवर ४ बाइट, ६४ बिट लिनक्सवर ८. आय३२ नाहीतर आय६४ असं ठोकून लिहू नका, सी लाँग हा टाइप वापरा.

असेंब्लीची फाइल लिनक्सवरून विंडोजला नेली तर आरडीआय, आरएसआय आणि एक्सएमएम६ ते एक्सएमएम१५ बघा. विंडोजवर हे जपून परत द्यावे लागतात, लिनक्सवर नाही. लिनक्सची १२८ बाइटची रेड झोन (स्टॅकच्या टोकाखालची, न सांगता वापरता येणारी जागा) पण विंडोजवर नाही.

रास्पबेरी पायवर केळीच्या रायपनिंग चेंबरचं तापमान वाचणारे रावेर-सावद्याकडचे लोक आहेत, त्यांना हार्ड फ्लोट आणि सॉफ्ट फ्लोट भेटतं. एकात दशांश आकडा एस० मध्ये जातो, दुसऱ्यात आर० मध्ये. लिंकर व्हीएफपी (दशांश आकड्यांच्या) रजिस्टरवरून तक्रार करत असेल तर तक्रार बंद करायचा फ्लॅग शोधू नका, योग्य टार्गेटची लायब्ररी आणा.

ॲपल सिलिकॉनवर व्हेरिॲडिक (संख्या ठरलेली नसलेली) आर्ग्युमेंट नेहमी स्टॅकवरच जातात. ओपन हे फंक्शन सी मध्ये व्हेरिॲडिक आहे, तिसरं आर्ग्युमेंट परमिशनचं. तुम्ही ते तीन फिक्स आर्ग्युमेंटचं म्हणून डिक्लेअर केलं तर इंटेलवर वर्षानुवर्षं चाललं असेल, इथे फाइल भलत्याच परमिशनने तयार होते. डिक्लेरेशनमध्ये शेवटी तीन टिंब लिहा.

आता लिहून कसं ठेवायचं

हा घोळ परत परत येतो कारण शोधलेलं उत्तर शोधणाऱ्याच्या डोक्यात राहतं आणि तो पुण्याला निघून जातो. म्हणून प्रत्येक बाहेरच्या फंक्शनच्या डोक्यावर, डॉक कॉमेंटमध्येच, वेगळ्या वर्ड फाइलमध्ये नाही. मी साधारण असं लिहितो:

"३२ बिट विंडोज: एसटीडीकॉल, २ आर्ग्युमेंट, ८ बाइट, स्टॅक फंक्शन आवरतं. ६४ बिट विंडोज: एकच कन्व्हेन्शन, शब्दाने फरक नाही. लिनक्स: ही लायब्ररी नाही. पुरावा: ३२ बिट डीएलएलच्या डिसॲसेंब्लीत रेट ८, डीएलएलची व्हर्जन आणि फाइल साइझ खाली. दुसरं आर्ग्युमेंट १६ बिटचा पॉइंटर, कॉलच्या आधी शून्य करणे. कॉलबॅक डीएलएलच्या स्वतःच्या थ्रेडवर येतो."

यात सगळ्यात महत्त्वाची ओळ पुराव्याची. पुरावा लिहिला की उद्या नवीन डीएलएल आली तर पुढच्या पोराला काय परत तपासायचं ते कळतं. सेफ्टीच्या सेक्शनमध्ये "पॉइंटर व्हॅलिड असावा" एवढंच लिहून थांबणारे बरेच आहेत, ते कोणी वाचत पण नाही.

कॉमेंट मराठीत लिहिली तर काही बिघडत नाही, आपल्या टीमला पटकन कळते. रस्ट १.५३ पासून व्हेरिएबलची नावं पण देवनागरीत चालतात, पण नो मँगल लावून (नाव जसंच्या तसं ठेवून) बाहेर एक्स्पोर्ट करायचं नाव आस्कीतच लागतं, तिथे हौस करू नका.

रस्टडॉकचा (डॉक कॉमेंटवरून डॉक्युमेंट बनवणारं टूल) एक त्रास लक्षात घ्या. तो डॉक्युमेंट ज्या टार्गेटसाठी बनवता त्याचंच बनवतो. सीएफजी (कोणत्या प्लॅटफॉर्मला कोड घ्यायचा ती अट) लावून फक्त विंडोजला ठेवलेलं फंक्शन लिनक्सवर बनवलेल्या डॉकमध्ये दिसतच नाही, आणि मग पोरगं विचारतं, दादा हे फंक्शन कुठे लिहिलंय. सीएफजीमध्ये "किंवा डॉक" अशी अट घालून ते दाखवता येतं, पण एसटीडीकॉल लिहिलेलं असेल तर ६४ बिट लिनक्सवर कंपायलर ते कन्व्हेन्शनच नाकारतो आणि डॉकचा बिल्ड पडतो. सिस्टीम लिहिलं तर डॉक बनतं, पण पानावर नुसतं सिस्टीम दिसतं, ते ३२ बिटवर काय होतं हे वाचणाऱ्याने स्वतः ओळखायचं. त्यापेक्षा रस्टअपने आय६८६ विंडोजचं टार्गेट टाका आणि कार्गो डॉकला तेच टार्गेट द्या. डॉक बनवायला लिंकर लागत नाही, लिनक्सवर पण बनतं.

जे कंपायलरकडून तपासून घेता येतं ते कॉमेंटवर सोडू नका. स्ट्रक्चरला रेप्र सी (मेमरीत सी सारखीच मांडणी) लावा, आणि त्याची साइझ एका कॉन्स्ट असर्टमध्ये टाका, २४ बाइट म्हटलं तर २४, नाहीतर बिल्डच पडला पाहिजे. टेस्ट ३२ बिटमध्ये चालवा. त्यासाठी जुना पीसी शोधायची गरज नाही, ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचा ईएक्सई आरामात चालतो, लॅपटॉपवरच ३२ बिट डीएलएल लावून १,३१,०७२ च्या वर कॉलचा लूप फिरवा, चहा येईपर्यंत निकाल लागतो. फक्त तो लूप रिलीज बिल्डमध्ये फिरवा.

आणि केबिनमधल्या पीसीवर अजून विंडोज ७ असेल (आपल्याकडे असतंच), तर रस्ट १.७७ वर थांबावं लागेल, १.७८ पासून नेहमीच्या टार्गेटना किमान विंडोज १० लागतं. १.७७ वर राहणाऱ्यांनी कॉलबॅकमधला पॅनिक (चालताना काही बिघडलं की रस्ट घेतो तो थांबा) बाहेर जाऊ देऊ नका. एक्स्टर्न सी फंक्शनमधून पॅनिक बाहेर पडला तर प्रोग्राम सरळ अबॉर्ट होतो, हे १.८१ पासून पक्कं झालंय, त्याच्या आधी ते अनडिफाइन्ड होतं. तिथे पॅनिक जागीच पकडणारं कॅच अनवाइंड लावा किंवा रिलीज प्रोफाइलमध्ये पॅनिक अबॉर्ट ठेवा, आणि कोणतं लावलंय ते पण त्याच कॉमेंटमध्ये लिहा.